चित्रपुस्तकांच्या चित्रकाराला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं लहान मुलांच्या चित्रपुस्तकांपुरती आहेत, म्हणजे ज्या पुस्तकातून चित्रं काढून टाकली तर गोष्ट लंगडी पडते अशा पुस्तकांपुरती. कादंबऱ्यांची मुखपृष्ठं, पाठ्यपुस्तकांतली चित्रं, कॉमिक्स ही कामंही मोलाची आहेत, पण त्यांची गणितं वेगळी.

गोष्ट तुम्हीच लिहिता का?

बहुतेक वेळा नाही. गोष्ट लेखकाची असते, प्रकाशक ती निवडतो आणि मग ती माझ्याकडे येते. लेखक आणि चित्रकार एकदाही न भेटता पुस्तक पूर्ण होतं हे ऐकून लोकांना नवल वाटतं, पण मोठ्या प्रकाशनसंस्थांमध्ये ही नेहमीची रीत आहे. दोघांच्या मध्ये संपादक बसलेला असतो आणि तो बसलेला बरा. लेखकाच्या डोळ्यांपुढे एक चित्र आधीच तयार असतं. ते त्याने मला तोंडी सांगितलं की माझं काम फक्त हुकूम बजावण्यापुरतं उरतं.

स्वतः लिहून स्वतःच चित्रं काढणारेही पुष्कळ आहेत. त्यांची सोय अशी की चित्रात जे आलं ते वाक्य सरळ खोडून टाकता येतं, कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

गोष्ट हातात आल्यावर सर्वांत आधी काय करता?

पेन्सिल लांब ठेवते आणि गोष्ट मोठ्याने वाचते. चित्रपुस्तक बहुधा कोणीतरी कोणालातरी वाचून दाखवत असतं, म्हणून वाचताना श्वास कुठे थांबतो, आवाज कुठे खाली येतो, हे आधी कळायला हवं. त्या जागांवर खुणा करते. यांतल्या काही खुणांवर पुढे पान उलटणार असतं.

मग पृष्ठं मोजायला बसते. बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पृष्ठांची असतात, त्यामागे कुठलाही कलाविचार नाही, छापखान्याची सोय आहे. एक मोठा कागद घेऊन त्याला एकापाठोपाठ तीन घड्या घातल्या की ८ पानं होतात, पाठपोट १६ पृष्ठं. याला फर्मा म्हणतात. दोन फर्मे म्हणजे ३२, दीड फर्मा म्हणजे २४. म्हणून पुस्तकं २४, ३२, ४० किंवा ४८ पृष्ठांची निघतात, ३५ ची निघत नाहीत. या ३२ मधून शीर्षकाचं पान, हक्कांचा मजकूर, अर्पणपत्रिका वजा केली की गोष्टीला समोरासमोरच्या पानांच्या साधारण १२ ते १४ जोड्या उरतात. आमच्याकडे या जोडीला स्प्रेड म्हणतात. अख्खं जग तेवढ्यात बसवायचं.

उदाहरणासाठी तीन वाक्यं घेऊ या: ‘पाऊस थांबला. मीरा खिडकीशी गेली. बाहेर कोणीतरी उभं होतं.’ तिन्ही एकाच पानावर टाकली तर एका चित्रात काम भागतं आणि कोणाला काहीच वाटत नाही. पण पहिलं वाक्य डाव्या पानावर ठेवलं, दुसरं उजव्या पानावर, आणि तिथे मीरा आपल्याकडे पाठ करून स्टुलावर टाचा उंचावून उभी असली, काचेवर वाफ धरल्यामुळे पलीकडचं काही दिसत नसलं, तर तिसरं वाक्य पान उलटल्यावरच यायला हवं. ते चुकून उजव्या पानाच्या तळाशी राहिलं तर डोळा ते आधीच टिपतो आणि उलटण्यातली सगळी गंमत जाते. मुलाला वाचता येत नसलं तरी वाचून दाखवणाऱ्याचा आवाज गुपित फोडून टाकतो. या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच आहे आणि यात रंगाचा एक थेंबही लागत नाही.

म्हणजे मजकुरात आहे तेच चित्रात काढायचं ना?

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर.

मजकुरात आहे तेच काढलं तर मुलाला एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखं होतं. एकदा कानाने, एकदा डोळ्याने. दुसऱ्यांदा सांगण्यात काहीतरी भर हवी, नाहीतर थोडी लबाडी तरी हवी. ‘आजोबा म्हणाले, मी मुळीच दमलो नाही’ हे वाक्य घ्या. चित्रात आजोबा ताठ उभे दाखवले तर वाक्य खरं ठरतं आणि संपतं. तेच आजोबा जिन्याच्या चौथ्या पायरीवर बूट काढून बसलेले दाखवले, आणि नात दोन पायऱ्या वर जाऊन मागे वळून बघतेय, तर मुलाला आजोबांपेक्षा जास्त कळतं. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त कळण्याची संधी एरवी फार मिळत नाही, त्यामुळे ती इथे अगदी खूश होतात.

ही युक्ती नवी नाही. रँडॉल्फ कॉल्डिकॉट या इंग्रज चित्रकाराने १८८२ मध्ये एका जुन्या बडबडगीताचं पुस्तक केलं. गीत संपतं ते बशी चमच्याबरोबर पळून गेली या ओळीवर. कॉल्डिकॉट तिथे थांबला नाही. पुढे त्याने एक चित्र जोडलं आणि त्याला शब्द दिले नाहीत: बशीचे तुकडे झालेत आणि काटा-सुरी चमच्याला मध्ये घेऊन परत नेताहेत. गीतात याचा मागमूस नाही. चित्रपुस्तकाची आजची पद्धत कुठून सुरू झाली असं विचारलं की जाणकार बहुधा कॉल्डिकॉटकडेच बोट दाखवतात. तो १८८६ मध्ये चाळिशीही न गाठता गेला. अमेरिकेत चित्रपुस्तकांसाठी १९३८ पासून दिलं जाणारं पदक त्याच्याच नावाचं आहे.

मीराच्या गोष्टीत मी काय करेन? पहिल्या पानापासून एक मांजर त्या खिडकीकडे टक लावून बसवेन. मजकुरात मांजराचा उल्लेखही नाही. वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाचं लक्ष अक्षरांवर असतं, त्याला ते मांजर दिसतच नाही. मुलाला दिसतं. ‘बाहेर कोणीतरी आहे’ हे मुलाला मीराच्या आधी ठाऊक असतं.

थंबनेल आणि डमी म्हणजे नेमकं काय?

थंबनेल म्हणजे काडेपेटीएवढी रेखाटनं, सगळं पुस्तक एकाच मोठ्या कागदावर. इतकं लहान काढायचं कारण असं की त्यात नाक, डोळे, फुलं काढताच येत नाहीत. मोठे आकार, काळं-पांढरं आणि कॅमेरा जवळ आहे की लांब, एवढंच दिसतं. एका नजरेत लक्षात येतं की ओळीने पाच पानांवर सगळे कमरेपर्यंतच दिसताहेत आणि सगळे उजवीकडे तोंड करून उभे आहेत. पात्र डावीकडून उजवीकडे चाललं की गोष्ट पुढे सरकते, उलट चाललं की अडल्यासारखं किंवा परतल्यासारखं वाटतं. हे आपण वाचतो त्या दिशेमुळे. उजवीकडून डावीकडे वाचल्या जाणाऱ्या भाषांत हेच उलटं होतं.

डमी म्हणजे खोटं पुस्तक. कागद दुमडायचे, मध्ये स्टेपल मारायचा, कच्ची चित्रं आणि छापलेला मजकूर कापून चिकटवायचा आणि खरंच पानं उलटून बघायची. पडद्यावर पीडीएफ सरकवून हे कळत नाही. हातात धरलं की मधली शिवण दिसते. त्या शिवणीत पानाचा काही भाग गिळला जातो. मीराचा चेहरा बरोबर तिथे आला तर छापील पुस्तकात तिला एकच डोळा उरतो. म्हणून शिवणीवर आकाश, भिंत, रस्ता असलं काहीतरी यावं, चेहरे आणि अक्षरं येऊ नयेत. कडेलाही चित्र कापाच्या रेषेबाहेर साधारण ३ मिलिमीटर जास्त काढायचं असतं, त्याला ब्लीड म्हणतात. कटिंग मशीन किंचित सरकलं तर कडेला पांढरी रेघ उमटू नये म्हणून. आणि मजकुराला जागा पहिल्यापासून सोडायची. चित्र पूर्ण झाल्यावर अक्षरांसाठी कोपरा शोधत बसणं म्हणजे लग्न लागल्यावर मांडव घालणं.

पात्र सगळ्या पानांवर सारखंच कसं दिसतं?

भिंतीवर त्याचा तक्ता लावलेला असतो. समोरून, बाजूने, पाठमोरं, बसलेलं, पळणारं, रडणारं. शेजारी बारीक नोंदी: भांग डावीकडे, बाहीवर तीन पट्टे, उजव्या गुडघ्यावर पट्टी. ही गुडघ्यावरची पट्टी फार महत्त्वाची. ती एका पानावर डाव्या गुडघ्यावर गेली तर पत्र येतं, आणि ते पाच वर्षांच्या मुलाने आईकडून लिहून घेतलेलं असतं.

पात्र घडवताना मी आधी नुसती काळी सावली काढते. सावलीवरून ओळखू आलं तरच पुढे जाते. लहान मूल काढायचं तर डोक्याचं माप सांभाळायला लागतं: मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारे साडेसात पट असते, दोन-तीन वर्षांच्या मुलाची सुमारे पाच पट. नवशिके मुलांना मोठ्यांच्या मापाने काढतात आणि मग ती बुटकी माणसं दिसतात. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात, बाळाचे त्याहून खाली, वर मोठं कपाळ. एवढं जरी पाळलं तरी निम्मं वय आपोआप येतं. उरलेलं पोटात आणि उभं राहण्यात असतं. लहान मुलं पोट पुढे काढून उभी राहतात.

कोणते रंग वापरता?

गोष्ट बघून ठरतं. धुकं, पाणी, आठवण असेल तर जलरंग. ठसठशीत, विनोदी असेल तर गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, किंवा कागद कापून केलेलं कोलाज. जलरंगासाठी ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद घेते, तो कमी भिजतो आणि कमी वाकतो. त्याहून पातळ असेल तर आधी ओला करून फळीवर चिकटपट्टीने ताणून घ्यावा लागतो. जलरंग वाळला की फिका होतो. गुआशमध्ये गडद रंग वाळून उजळतात आणि उजळ रंग किंचित गडद होतात, त्यामुळे एकाच आकाशासाठी लागणारा रंग एकाच वेळी भरपूर कालवून ठेवलेला बरा. दुसऱ्या दिवशी तीच छटा जुळवत बसण्याइतकं कंटाळवाणं काम नाही.

एरिक कार्ल हा चित्रकार पातळ टिश्यू कागद आधी ॲक्रिलिकने रंगवायचा, सुकवायचा, रंगांप्रमाणे लावून ठेवायचा आणि मग त्यातून आकार कापायचा. त्याच्या चित्रांत पानाच्या किंवा पिसाच्या पोटात जे ओरखडे दिसतात ते असे आधीच तयार असत. मला ही पद्धत आवडते, कारण त्यात रंगवण्याचा दिवस आणि ठरवण्याचा दिवस वेगळा होतो.

संगणकावर काढणं सोपं असतं का?

पुसणं सोपं असतं. त्यामुळे थांबणं अवघड होतं. बाकी चांगलं चित्र काढायला दोन्हीकडे तितकाच घाम गाळावा लागतो. मी स्वतः कच्चं कागदावर करते, रंग कधी कागदावर, कधी टॅबलेटवर.

छापल्यावर रंग बदलतात म्हणतात, ते खरं आहे का?

खरं आहे आणि पहिल्या पुस्तकाच्या वेळी त्याचा धक्का बसतो. पडदा लाल, हिरवा, निळा असा प्रकाश फेकतो. छपाई निळसर, गुलाबीसर, पिवळी आणि काळी अशा चार शाईंच्या ठिपक्यांतून होते. पडद्यावरचा झगझगीत हिरवा किंवा नारिंगी त्या चार शाईंतून निघतच नाही. त्यात कागद खरखरीत, बिनचकाकीचा असेल तर तो शाई शोषून घेतो आणि सगळंच एक पायरी उतरतं. म्हणून फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेची, म्हणजे या चार शाईंची, बंधनं डोळ्यांपुढे ठेवून करायची, खऱ्या मापाला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) ठेवायची आणि प्रूफ, म्हणजे चाचणीची छापील प्रत, त्याच कागदावर मागायचं ज्यावर पुस्तक छापणार आहे. प्रूफ उघड्या दिवसाच्या उजेडात बघा, पिवळ्या दिव्याखाली नको.

एका पुस्तकाला किती वेळ लागतो?

काही महिने ते वर्षभर. यातला बराच काळ वाट बघण्यात जातो, कारण कच्ची चित्रं संपादकाकडे, कला-दिग्दर्शकाकडे, कधीकधी विक्री विभागाकडेही फिरत असतात. म्हणून बहुतेक जण एकाच वेळी दोन-तीन पुस्तकं वेगवेगळ्या टप्प्यांवर ठेवतात.

संपादकाने बदल सांगितले की राग येतो का?

येतो. दुपारपर्यंत जातो.

खरा त्रास ‘हे अजून जिवंत करा’ किंवा ‘जरा गोड हवं’ अशा सूचनांचा होतो. यावर एकच उपाय: काय करू असं न विचारता कुठे अडलात असं विचारायचं. ‘मीराला टोपी घाला’ हा उपाय आहे. त्यामागची अडचण बहुधा ‘गर्दीत मीरा सापडत नाही’ ही असते, आणि ती टोपी न घालता बाकी सगळ्यांचे कपडे फिके करूनही सुटते. अडचण त्यांनी सांगावी, उपाय मला शोधू द्यावा, एवढी माझी मागणी असते. पेन्सिलीच्या टप्प्यावर मी कितीही फेऱ्या करते. पक्कं रंगवून झाल्यावर मात्र हसू जरा मावळतं, म्हणून दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या हे करारात लिहून घेतलेलं असतं.

उलटी सूचना चित्रकारानेही करावी. ‘मीराने लाल फ्रॉक घातला होता’ हे वाक्य चित्रात दिसतंय, मग काढू या का? समजूतदार लेखक आनंदाने काढतात. काही नाही काढत, आणि मग फ्रॉक लाल.

काही सुचतच नसेल तेव्हा?

हाताला लागेल ते करायचं. चौकटी आखणं, कागद ताणणं, स्कॅन साफ करणं ही कामं मी मुद्दाम अशा दिवसांसाठी राखून ठेवते. शिवाय वही असतेच. वाट बघणाऱ्या माणसांचे पाय काढते, सायकलला टेकून उभं राहण्याचे प्रकार काढते, मुलं जड पिशवी कशी ओढतात ते काढते. मुलं पिशवी हाताने उचलत नाहीत, सगळं अंग मागे टाकून ओढतात. असलं काही घरात बसून सुचत नाही.

मुलांना आधी दाखवून बघता का?

डमी वाचून दाखवते. ‘आवडलं का?’ असं विचारत नाही, कारण मुलं मोठ्यांचं मन राखायला हो म्हणतात. बोट कुठे जातं ते बघते. पान उलटायची घाई कधी होते, कधी हात मधे घालून थांबवतात, ते बघते. मजकुरात सात पक्षी असतील तर चित्रातले मोजले जाणार हे धरून चालायचं.

माझी मुलगी सुंदर चित्रं काढते. तिला काय शिकवू?

कागद भरपूर द्या आणि आकाश हिरवं असेल तर हिरवं राहू द्या.

या क्षेत्रात यायला पदवी लागते का? पोर्टफोलिओत काय ठेवावं?

पदवी कोणी विचारत नाही. कलाशिक्षणाचा फायदा होतोच, विशेषतः माणसांच्या रेखाटनाचा. पण निवड पोर्टफोलिओवर, म्हणजे स्वतःच्या निवडक चित्रांच्या संचावर, होते आणि तिथे बहुतेकांची एकच अडचण असते: दहा सुंदर, सुटी चित्रं. संपादकाला हवं असतं एकच पात्र तीन-चार प्रसंगांत, वेगवेगळ्या भावनांत, आणि तरीही तेच. घराच्या आतलं एक दृश्य, एक गर्दीचं, एक रात्रीचं, दोन माणसं एकमेकांशी बोलताना, थोडे प्राणी. फुलपाखरावर बसलेली परी एखादी पुरे. शैली शोधत बसू नका. पुष्कळ काढलं की ती मागून येते आणि बहुधा आपल्याला हवी होती ती नसतेच.

जगातलं काम बघायचं असेल तर इटलीतल्या बोलोन्याचा बालपुस्तक मेळा १९६४ पासून भरतो. तिथल्या चित्रकारांच्या प्रदर्शनासाठी पाच चित्रांची मालिका पाठवायची असते. पाचांची मालिका मागतात यातच परीक्षा आली. स्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हाला १९६७ पासून दर दोन वर्षांनी मूळ चित्रांचं मोठं प्रदर्शन भरतं. हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार चित्रकारांनाही मिळू लागला तो १९६६ पासून. या पुरस्कारांच्या जुन्या याद्या हीच एक फुकटची शाळा आहे.

माझी गोष्ट लिहून तयार आहे. आधी चित्रकार शोधू का?

प्रकाशकाकडे पाठवणार असाल तर नको. चित्रकार निवडायला त्यांना आवडतं. स्वतः छापणार असाल तर हो, पण मित्राच्या भाचीला ‘जमलं तर काढ’ म्हणू नका. पैसे आधी बोला.

मानधन कसं ठरतं?

दोन पद्धती. एकरकमी, म्हणजे काम झालं, पैसे मिळाले, नंतर पुस्तक कितीही खपलं तरी संबंध नाही. किंवा आगाऊ रक्कम आणि रॉयल्टी. यात विक्रीचा ठरलेला वाटा लेखक-चित्रकारात विभागतात आणि आगाऊ दिलेली रक्कम वसूल झाल्यावरच पुढचे पैसे सुरू होतात. बऱ्याच पुस्तकांची आगाऊ रक्कम कधीच वसूल होत नाही, हे गृहीत धरूनच ती रक्कम ठरवावी.

करारात बघायच्या गोष्टी: हक्क किती काळासाठी आणि कोणत्या भाषांसाठी, खेळणी किंवा ॲनिमेशन झालं तर काय, काम मधेच रद्द झालं तर किती पैसे, मुखपृष्ठावर नाव येणार की नाही, आणि चित्रं एआयला शिकवण्यासाठी वापरता येणार की नाही. शेवटचा मुद्दा नवा आहे, पण आता विचारावाच.

एआयमुळे तुमचं काम जाईल असं वाटतं का?

स्वस्तातली कामं जाताहेत, आणि त्याचा फटका नव्या मुलांना बसतो, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. पण मांजर पहिल्या पानावर खिडकीकडे बघत का बसलंय हे कोणालातरी आधी ठरवावं लागतं. ते ठरवण्याचे पैसे मी घेते, रंगाचे नंतर.

पुस्तक छापून झाल्यावर मूळ चित्रांचं काय होतं?

करारात वेगळं काही नसेल तर चित्रं साधारणपणे चित्रकाराकडे परत येतात. छापण्याचा हक्क आणि मूळ कागदाची मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मूळ चित्र विकलं तरी ते छापण्याचा हक्क आपोआप घेणाऱ्याकडे जात नाही. मी चित्रं आम्लविरहित कागदाच्या थरांमध्ये सपाट कप्प्यांत ठेवते, गुंडाळून कधीच नाही, कारण गुआशला तडे जातात. काही विकते. भिंतीवर लावणार असाल तर थेट ऊन येणारी भिंत टाळा आणि काच चित्राला चिकटू देऊ नका, मध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, जागा सोडा.